फर्नेसपाशी रात्री कोण थांबणार

सायन्स डेच्या आदल्या दिवशी आमच्या डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमधे पोस्टरं लावायचं काम चाललं होतं. दरवर्षीचंच. दातांनी सेलोटेप तोडणं, "वर घे, डावीकडे, अरे तुझ्या डावीकडे", खाली थर्माकोलचा चुरा, फेविकॉलचा वास, आणि कुणीतरी कँटीनमधून आणलेली मिरची भजी पोस्टरच्याच उरलेल्या कागदावर मांडून ठेवलेली, त्याचं तेल पसरत पसरत एका नोबेलवाल्याच्या कपाळापर्यंत पोचलेलं. मधोमध सी. व्ही. रामन, कारण दिवसच त्यांचा, २८ फेब्रुवारी १९२८. आणि या वर्षी कुणाला तरी सुचलं म्हणून त्यांच्या शेजारी कमला सोहोनी. मुलांनी माहिती बरी काढली होती. १९३३ साली कमला भागवत (हे त्यांचं माहेरचं नाव) बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधे संशोधन करायला गेल्या, मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या, तरी तिथले डायरेक्टर रामन यांनी मुलगी म्हणून नाही म्हटलं, त्या हटल्या नाहीत, शेवटी अटी घालून घेतलं. पहिलं वर्ष प्रोबेशनवर. गाइड सांगेल तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचं. आणि लॅबचं वातावरण बिघडवायचं नाही.

स्टुलावर चढून ते पोस्टर चिकटवत होती ती माझी पीएचडीची स्टुडंट, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वाळपईच्याही पुढे तिचं गाव. तिने अटी मोठ्याने वाचल्या, दुसऱ्या अटीशी थांबली आणि हसायलाच लागली. "मॅडम, हिका रातचें रावपाची अट, आनी आमकां रातचें रावपाक दिनात!" म्हणजे हिला रात्री थांबायची अट, आणि आम्हाला रात्री थांबू देत नाहीत. सगळे हसले, मीही हसले, भजी संपली, पोस्टर किंचित वाकडंच लागलं ते तसंच राहिलं. पण ते वाक्य घरी आलं माझ्याबरोबर. भात लावताना, भांडी घासताना, मधेच टोचत राहिलं. नव्वद वर्षांत अट बरोब्बर उलटी झाली आणि दोन्ही वेळा ती मुलींनाच लागू, हे कसं काय?

ज्यांना लॅबचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही फेराइट करतो, म्हणजे चुंबकीय ऑक्साइड. पावडर खलात घोटायची, प्रेसमधे दाबून गोळीएवढी पेलेट करायची आणि मफल फर्नेसमधे, म्हणजे विजेच्या बंद भट्टीत, भाजायची. आमची फर्नेस जुनी आहे. तिला प्रोग्रॅम वगैरे नाही, एक नॉब आणि एक डायल. साडेनऊशे डिग्रीपर्यंत टप्प्याटप्प्याने न्यायची, तिथे दहा तास ठेवायची, आणि मग परत टप्प्याटप्प्याने उतरवायची, एकदम बंद केली तर पेलेट तडकते आणि आठवड्याची मेहनत पावडर होऊन हातात येते. शिवाय फर्नेस चालू असताना लॅब रिकामी ठेवायची नाही हा नियम, आणि तो योग्यच आहे. आता सकाळी कितीही लवकर लावा, हिशोब करून बघा, रात्र मधे येतेच. तिच्या गावची शेवटची बस संध्याकाळी. हॉस्टेलचं गेट नऊला बंद. म्हणजे तिचं सँपल भाजायला कुणातरी मुलग्याला विनवणी करायची, "आज तू थांबणार आहेस ना, माझं पण बघशील?" आणि मुलगे चांगले आहेत हो, बघतात. कधी कधी झोप लागते त्यांना. मग सकाळी क्रुसिबलमधे तुकडे.

फर्नेसच्या शेजारी खिळ्याला सुतळीने बांधलेलं लॉगबुक असतं. नंतर एकदा मी ते सहज चाळलं. दिवसाच्या नोंदी सगळ्यांच्या. रात्रीच्या नोंदीत वर्षानुवर्षं फक्त मुलग्यांची नावं, पानंच्या पानं, शाईचे रंग बदलतात, अक्षरं बदलतात, तेवढंच. आणि मला नुसत्या सँपलचंच वाईट नाही वाटत. लॅबमधे खरं शिकणं रात्रीच होतं हे ज्यांनी केलंय त्यांना माहितीये. दिवसा सर असतात, प्रॅक्टिकलच्या बॅचेस असतात, फोन असतात. रात्री एखादा सीनियर डेटा फिट कसा करायचा ते दाखवतो, पंप अडकला तर कुठे थापट मारायची ते दाखवतो, थर्मासमधला चहा वाटत वाटत पुढच्या रिसर्च पेपरची कल्पना तिथेच निघते. आणि कल्पना निघाली तेव्हा जो समोर बसलेला असतो त्याचं नाव पेपरवर येतं. यात कुणी कुणाला मुद्दाम वगळत नाही. कुणावर रागवायचं ते कळत नाही हाच तर त्रास आहे.

याच रामनच्या लॅबमधे पुढे अ‍ॅना मणी होत्या, हिरे आणि माणकं यांच्या वर्णपटांवर काम करायच्या. एकेका फोटोग्राफिक प्लेटला पंधरा-वीस तासांचं एक्सपोजर लागायचं, म्हणून त्या कित्येकदा रात्री लॅबमधेच असायच्या. १९४२ ते १९४५ मधे पाच पेपर स्वतःच्या एकटीच्या नावावर. ऑगस्ट १९४५ मधे मद्रास विद्यापीठाला प्रबंध दिला आणि विद्यापीठाने डिग्री नाकारली, कारण एमएस्सी नव्हती. रात्र मिळाली तर कागद आडवा आला. पुढे त्यांनी हवामान खात्यात देशभराची उपकरणं उभी केली ती गोष्ट वेगळी, पण ती डिग्री शेवटपर्यंत नाहीच. कमलाबाईंना तरी केंब्रिजने १९३९ ला दिली.

मी स्वतः एमएस्सीला होते तेव्हा डिचोलीहून पणजीला येऊन-जाऊन करायची. त्या काळी खाणी जोरात. येताना रस्त्याच्या बाजूची झाडं, घरं, कुत्रीसुद्धा लाल, बसच्या खिडकीची काच वर होत नसायची आणि घरी पोचेपर्यंत केसात, कानात, डब्याच्या झाकणाच्या आट्यात लाल धूळ. ट्रक रांगेने अडकले की बस तासभर लेट. आई ओसरीवर. बाबा काही बोलायचे नाहीत, फक्त घड्याळाकडे बघायचे, आणि ते बघणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. मला कुणी "थांबू नकोस" म्हटल्याचं आठवत नाही. म्हणायची गरजच नव्हती, सव्वाचार वाजले की माझी मीच पर्स उचलायची. तेव्हा ते अगदी सहज वाटायचं, पावसाळ्यात छत्री घ्यावी इतकं.

आता गंमत बघा. याच गोव्यात, दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत, अदिती पंत होत्या. मूळच्या नागपूरच्या. १९८३ च्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या, तिथे पाय ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय बायका. त्याच मोहिमेत दक्षिण गंगोत्री हे आपलं पहिलं स्टेशन उभं राहिलं. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा अभ्यास हे त्यांचं काम. आपल्याकडे शाळेत कुठल्याही मुलीला विचारा, कल्पना चावला सांगेल, अदिती पंत सांगणार नाही, आणि ही बाई वर्षानुवर्षं दोनापावलात काम करत होती! मला नेहमी वाटतं की महिनोन्‌महिने बोटीवर आणि बर्फावर राहायला जिला पाठवता येतं, तर लॅबच्या तळमजल्यावर एक रात्र का नाही? उत्तर बहुतेक असं की मोहिमेला सोय केलेली असते. कोण कुठे झोपणार, कोण कशाला जबाबदार, डॉक्टर कोण, सगळं आधी कागदावर. लॅबच्या रात्रीची सोय कुणी कधी केलीच नाही, ती मुलग्यांच्या बेफिकिरीवर चालत आली. टेबलावर झोपायचं, बेसिनमधे तोंड धुवायचं. त्या मजल्यावर बायकांचं टॉयलेट आहे, पण किल्ली ऑफिसात आणि ऑफिस साडेपाचला बंद. ही एवढीशी पितळी किल्ली, तिला प्लॅस्टिकचं निळं लेबल, त्यावर मार्करने "लेडीज".

मुली येतच नाहीत सायन्सला असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. माझ्या वर्गात पुढचे चार बाक मुलींचे, मागे तुरळक मुलगे. देशाचंही तेच, २०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणात सायन्स शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी, त्यात २९.८ लाख मुली. इंजिनिअरिंगला चित्र वेगळं, म्हणून तर आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या, आपल्या फर्मागुडीलाही. पण पहिल्या वर्षीच्या वर्गातून जसजसं वर जावं तसं गळत जातं. बीएस्सीला गर्दी, एमएस्सीला बऱ्यापैकी, पीएचडीला लग्न आणि बस, आणि मग सिलेक्शन कमिटीच्या टेबलापाशी बसलेल्यांत एखादी. आणि ती एक असेल तर मिनिट्स लिहायचं काम तिच्याकडे, "मॅडमचं अक्षर छान आहे." माझं अक्षर खरंच छान आहे, आता काय करू.

मधे ऑफिसकडून एक फॉर्म आला. समता, विविधता, समावेशन यासाठी विभागाने वर्षभरात हाती घेतलेले उपक्रम, तारीख, उपस्थिती, फोटो जोडावेत. सरकारच्या विज्ञान खात्याने २०२० मधे गती नावाचा कार्यक्रम काढला, इंग्लंडातल्या २००५ च्या अथेना स्वान सनदेवरून घेतलेला. त्याची मूळ कल्पना मला आवडते, कारण ती सांगते की बायकांना प्रोत्साहन देणं पुरे, आता संस्थेने स्वतःला तपासावं. कोण नोकरीला लागतं, कोण सोडून जातं, कोणाला कधी बढती. पण वरून निघालेली कल्पना खाली येईपर्यंत फॉर्म होते आणि फॉर्मला फोटो लागतो. मग आठ मार्चला गुलाबाची फुलं, एक व्याख्यान, समईपाशी साडी नेसलेल्या दोन मुली. त्या दोघींचं त्या दिवशीचं प्रॅक्टिकल बुडतं ते वेगळंच.

आणि हे सगळं बायकांपुरतंच आहे असं मला वाटायचं थांबलं त्याला एक मुलगा कारण. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला सतत शेजारच्याच्या बोर्डाकडे बघायचा. रेझिस्टर किती ओहमचा ते कळायला त्यावरचे रंगाचे पट्टे वाचायचे असतात, तपकिरी, लाल, हिरवा. सगळ्यांना वाटलं कॉपी करतो. त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नव्हते. मुलग्यांत हे जास्त आढळतं, बारावीत हे शिकवतोसुद्धा आपण, एक्स क्रोमोझोम वगैरे, आणि परीक्षेत दोन मार्काला विचारतो. लॅबमधल्या आमच्या भाऊंनी, म्हणजे अटेंडंटनी, काही न बोलता त्याच्या टेबलावर एक जादा मल्टिमीटर ठेवायला सुरुवात केली. रंग वाचू नको, मोजून घे. कुठला उपक्रम नाही, फोटो नाही. २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात दिव्यांगांना पाच टक्के जागा आहेत, त्यानुसार आमच्याकडे रॅम्पही झाला, मस्त लाल फरशीचा, कठड्यासकट. तळमजल्यापर्यंत जातो. प्रॅक्टिकलची फिजिक्स लॅब पहिल्या मजल्यावर. रॅम्पच्या तोंडाशी स्कूटरी लावलेल्या असतात, त्यातली एक कधी कधी माझ्याच सहकाऱ्याची.

गोव्यात माणूस भेटला की तीन प्रश्न ठरलेले, गाव खंयचें, आडनांव किदें, देवस्थान खंयचें. यात प्रेम असतं, ओळख निघते, कुणाचा तरी मामा निघतो. पण त्याच तीन प्रश्नांत समोरच्याचा पूर्ण नकाशा पण काढून होतो. गावडा, कुणबी, वेळीप हे समाज २००३ मधे अनुसूचित जमातींच्या यादीत आले, म्हणजे तेव्हा जन्मलेली पोरं आत्ता कुठे एमएस्सीला पोचतायत. रोल लिस्ट आली की स्टाफरूममधे कुणीतरी आवाज एक पट्टी खाली आणून म्हणतं, "कॅटेगरीतला ना?" आवाज का खाली येतो हा माझा जुना प्रश्न आहे.

काणकोणकडचा असाच एक मुलगा, चौथीपर्यंत मराठी शाळा, मग पाचवीपासून एकदम इंग्रजी. व्हायव्हाला बाहेरचे एक्झामिनर आले होते. हिस्टेरेसिस लूप, म्हणजे चुंबकीय फील्ड वाढवलं-घटवलं की पदार्थाचं चुंबकत्व कसं बदलतं त्याचा आलेख, काढलान वहीत झक्क, पण "एक्सप्लेन" म्हटल्यावर गप्प. घाम. पेनाचं टोपण काढ-घाल, काढ-घाल. एक्झामिनर महाराष्ट्रातले, वयस्कर, त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, मराठीत सांग रे. आणि जे काय सुरू झाला! अर्धं मराठी अर्धं कोंकणी, हात हलवत. "सर, फील्ड काढून घेतलं ना, तरी ह्याच्यात थोडं रावताच. आपणहून जायना तें. शून्यावर हाडूंक जाय जाल्यार उलटं फील्ड द्यावं लागतं, आनी तें किती द्यावं लागतं तें मटेरियल कोण त्यावर." मी इतकी वर्षं शिकवते, इतकं स्वच्छ मला इंग्रजीत सांगता आलेलं नाही. नंतर चहाला एक्झामिनर म्हणाले, मार्क द्यायला काही नाही हो, पण याला इंटरव्ह्यूला कोण मराठीत विचारणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी त्यांना बन्स वाढला.

तर रात्र. मला हे लिहिताना सोपं बोलायचं नाहीये, कारण भीती खोटी नाही. ऑगस्ट २०२४ मधे कोलकात्याच्या हॉस्पिटलात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीचं जे झालं त्यानंतर कितीतरी दिवस मी लॅबच्या जिन्यावरून उतरताना मागे वळून बघायची, आणि मी काही लहान नाही. त्यानंतर तिथल्या सरकारने सुचवलं की बायकांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये, आणि सुप्रीम कोर्टाने सुनावलं की त्यांना सवलत नकोय, सुरक्षा द्यायचं काम तुमचं. वाचून बरं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, माझी स्वतःची पोर असती तर? मी काय म्हटलं असतं? बाबांचं घड्याळाकडे बघणं मला आता थोडं कळतं. पण माझे पेपर कमी झाले तेही कळतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच वेळी पोटात घेऊन मी रोज कॉरिडॉरमधून जाते.

त्या फॉर्मचं मी काय केलं ते सांगते. उपक्रमाच्या रकान्यात फर्नेससाठी प्रोग्रॅमवाला कंट्रोलर लिहिला. आधीच सगळं भरून ठेवायचं, किती वेळात किती डिग्री, किती तास थांब, कसं उतर, आणि बिघाड झाला तर आपणहून सप्लाय तोडणारी सोय. मग कोणी थांबलं नाही तरी पेलेट तडकत नाही, मुलगी असो, मुलगा असो, ज्याच्या घरी आजारी आई आहे तो असो. सोबत कोटेशन जोडलं. ऑफिसने पेन्सिलने शेरा मारून परत पाठवलं, की उपकरण खरेदी या शीर्षाखाली बसत नाही, कृपया उपक्रम द्यावा. शेवटी हेडनी ते मेंटेनन्समधे घातलं आणि फाइल पुढे गेली. फॉर्ममधे अर्थातच गुलाब गेले.

मी खूष होऊन तिला सांगायला गेले. काजूचा सीझन सुरू झालेला, ती शनिवार-रविवार घरी बोंडू गोळा करून आलेली, बोटं चिकाने काळी पडलेली, त्याच बोटांनी पेलेट चिमट्यात धरून बसली होती. ऐकून घेतलं. "बरें जालें मॅडम." आणि थोड्या वेळाने, मान वर न करता, "पूण म्हाका रावपाचें आसा." तिला थांबायचंच होतं. कंट्रोलर आला तरी. तिला तो पंप बघायचा होता, फिटिंग शिकायचं होतं, रात्री दोनला सगळे कशावर एवढे हसतात ते ऐकायचं होतं. मी तिला रात्रीच्या कटकटीतून सोडवायचा विचार करत होते आणि तिला रात्रच हवी होती!

मग अर्ज केला. दोन मुली एकत्र, तळमजल्याची लॅब, टॉयलेटची किल्ली भाऊंकडे, सिक्युरिटीची दोन तासांनी फेरी, सकाळपर्यंत हॉस्टेलचं गेट उघडायची भानगडच नाही. ऑफिस म्हणालं पालकांचं संमतिपत्र जोडा. सव्वीस वर्षांची आहे ती, मतदान करते, मुलग्यांकडून कधी असलं पत्र घेतल्याचं मला माहीत नाही, तसं मी लिहूनही दिलं. पण तिने वाद न घालता घरी फोन लावला. वडिलांनी त्याच संध्याकाळी वहीच्या कागदावर मराठीत चार ओळी लिहून, सही करून, फोटो पाठवला. एका ओळीत विचारलं होतं की रात्री जेवणाची सोय काय. सगळ्या अर्जात हा प्रश्न आम्हाला कुणालाच सुचला नव्हता, म्हणून तोही मुद्दा घालून अर्ज नवीन टाइप केला. तिची सही, माझी, हेडची झाली आहे, सिक्युरिटीचा शेरा यायचाय.